दोन इंचांचा चौकोन

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने यंत्रातून येणारे कागद जुळवता जुळवता सहज विचारलं, "बाहुलीचे कपडे का हो, काकू?" आणि टेलरकाकू हो म्हणाल्या. मागे रांग होती. कुणाला दाखल्याची प्रत हवी होती, कुणाला भाडेकराराची. एवढ्या लोकांसमोर खरं सांगायचं तर आधी स्वतःचा आवाज ताब्यात हवा, आणि तो नव्हता. काकूंनी कागदांची गुंडाळी केली आणि मुकाट्याने बाहेर पडल्या. आपण त्या लेकरांना बाहुल्या म्हणालो, हेच घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

ते कपडे बाहुलीचे नव्हते. दिवस भरायच्या फार आधी जन्मलेल्या, जगू न शकलेल्या बाळांची ती झबली होती. प्रसूतिगृहातल्या सिस्टर काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक. एकदा युनिफॉर्म सैल करून घ्यायला आल्या असताना त्यांनी विषय काढला. अशा बाळांना घालायला काही म्हणता काही नसतं, म्हणाल्या. बाजारातलं सगळ्यात लहान झबलंही त्यांना अघळपघळ होतं. मग आम्ही कापडात गुंडाळून देतो, आणि आईबाप त्या गुंडाळीकडे बघत बसतात. काकूंनी हातातली टाचणी उशीत खोचली आणि पुढचं ऐकायच्या आधीच शिवीन म्हणून सांगून टाकलं.

एवढ्या तडकाफडकी हो म्हणायला कारण होतं. काकूंचं स्वतःचं एक असंच गेलं होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी, सहावा महिना लागता लागता. मुलगी होती, एवढं त्यांना सांगितलं गेलं. बघू नकोस, बघितलंस तर विसरता येणार नाही, असं वडीलधाऱ्या बायकांनी बजावलं आणि काकूंनी तोंड भिंतीकडे केलं. मास्तरांनीच, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, ती गुंडाळी हातात घेतली आणि नेली. ते परत आले ते थेट कापायच्या टेबलापाशी उभे राहिले. त्या दिवसापासून दोघांत त्या विषयावर अवाक्षर निघालं नव्हतं. न बघता विसरता येतं, असं सांगणाऱ्या बायकांवर काकूंचा अजून राग होता, पण त्यातली एकही आता हयात नव्हती आणि मेलेल्यांशी भांडायचं कसं.

झबल्यांचे नमुने इंटरनेटवर मिळाले. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका ते तयार करून फुकट ठेवतात. ते उतरवून घ्यायचे, कागदावर छापायचे, कापडावर ठेवून कापायचे. काकूंनी पहिली सहा-सात झबली अशीच शिवली. मऊ सुती कापड, मागे बटणांऐवजी बंद, कुठेही जाड शिवण नाही. आणि मग एका संध्याकाळी सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात. शेवटी म्हणाल्या, "काकू, बाही चढली नाही. आईच्या समोरच कात्री घ्यावी लागली."

 आधी काकूंनी स्वतःच्या हाताला दोष दिला. उरलेलं एक झबलं नमुन्यावर ठेवून पाहिलं तर धाग्याचाही फरक नव्हता. मग त्यांची नजर कागदाच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक रिकामा चौकोन छापलेला होता आणि खाली लिहिलं होतं की हा दोन इंच भरला पाहिजे. काकूंनी गळ्यातला टेप लावला. चौकोन एक सूत कमी भरला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोठ्या माणसाच्या सदऱ्यात तो कुठच्या कुठे जिरून जातो, पण एवढ्याशा बाहीत हात अडायला तेवढा पुरतो. गिऱ्हाइकाची कंबर दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री न लावणाऱ्या काकूंनी तो चौकोन कधी मोजलाच नव्हता. छापलेलं आहे म्हणजे बरोबर असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

जाताना सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एक बाई दवाखान्यात आहे. बाळ राहणार नाही हे डॉक्टरांनी तिला सांगितलंय. तिने आपणहून विचारलं की त्याला घालायला काही असेल का. "मी आहे म्हणून सांगितलंय," सिस्टर म्हणाल्या. "आता माझा शब्द तुमच्या हातात."

काकू तशाच झेरॉक्सवाल्याकडे गेल्या. मशीनमधून जसं येतं तसं येतं, असं त्याने सांगून टाकलं. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने कागद उचलून बघितला आणि किती गोड म्हणाली. काकूंनी तो कागद तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. घरात आपला प्रिंटर पाहिजे, हे त्या क्षणी पक्कं झालं.

आता प्रिंटर घेणं म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण काकूंच्या घरातला लॅपटॉप त्यांच्या भाचीने वापरून टाकलेला होता. तो इतका मंद झाला होता की सुरू करून चहा टाकावा आणि पिऊन झाल्यावर बघायला यावं. भाचीने त्यातलं विंडोज काढलं, लिनक्स घातलं, आणि म्हातारा तरतरीत झाला. लिनक्स म्हणजे नेमकं काय हे काकूंच्या डोक्यात कधीच शिरलं नाही. ते फुकट असतं आणि जुन्या यंत्राला झेपतं, एवढ्यावर त्यांचं भागत होतं. प्रिंटरचं ऐकून मात्र भाची फोनवर सावध झाली. सगळे प्रिंटर लिनक्सशी बोलत नाहीत, म्हणाली. काहींना त्यांच्या कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ते लिनक्ससाठी कंपनीने काढलेलंच नसतं. असं काही न टाकता सरळ छापणारा बघ. रंगीत नको. शाईचा तर नकोच, तुझे महिन्याला चार कागद, शाई आतल्या आत वाळून जाईल. साधा काळा-पांढरा लेझर घे, जुना मिळाला तरी चालेल. "आणि मावशी, लॅपटॉप सोबत ने. तुझ्या डोळ्यांसमोर कागद बाहेर आल्याशिवाय घेऊ नकोस."

काकूंनी सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरी ठेवून गेल्या. घाई माणसाला असं करायला लावते. मोठं, लखलखीत दुकान होतं. तिथल्या तरुणाला लिनक्सवर चालेल का विचारलं, तर सगळ्यावर चालतो, म्हणाला. संगणकाच्या दुकानात माहीत नाही असं म्हणायला बंदी असावी, निदान काकूंच्या कानांवर ते कधी आलं नाही. काकूंनी घेतला तो प्रिंटर सगळ्यात स्वस्त होता, हलका होता, आणि शाईचा होता. घरी आणून जोडला तर त्याचा दिवा लुकलुकत राहिला आणि लॅपटॉपने त्याला ओळखच दाखवली नाही. भाचीने फोनवरून बराच वेळ खटपट केली आणि शेवटी सुस्कारा टाकून परत कर म्हणाली.

मास्तर टेबलाच्या पलीकडून हे सगळं बघत होते.  मास्तर कागदी नमुन्याला हात लावत नसत. माणूस समोर उभा केला की ते टेप फिरवत, आकडे बोलत, काकू ते चिठ्ठीवर लिहून घेत, आणि मग मास्तर सरळ कापडावर खडू ओढत. दोघांच्या संसारातलं निम्मं बोलणं याच आकड्यांत झालं होतं. काकू झबली शिवायला बसल्या की मात्र मास्तरांना बाहेर काहीतरी काम निघे. बटणं संपलेली असत, नाहीतर कात्रीला धार लावायची असे. काकूंना ते लागे. बापाला एवढंही सोसवत नाही का, असं त्यांच्या मनात येई, आणि ते त्या मनातच ठेवत.

परत करायला गेल्यावर दुकानातल्या तरुणाने तोडगा काढला. प्रिंटरमध्ये काही दोष नाही, तुमच्या लॅपटॉपमध्येच विंडोज टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. काकूंनी त्याला विचारलं,

"कपडा बसला नाही म्हणून कुणी गिऱ्हाईक कापतं का रे?"

आजूबाजूचे हसले. तरुणानेही कसनुसं हसून खोकं परत घेतलं, मात्र थोडी रक्कम कापूनच. काकूंना एरवी तो टोला मारल्याचं समाधान वाटलं असतं. त्या दिवशी त्यांना फक्त सिस्टरांचा शब्द आठवत होता.

तिथून दोन गल्ल्या सोडून एक दुरुस्तीवाला बसे. बंद पडलेल्या कचेऱ्यांची यंत्रं घेऊन नीट करून विकायचा. दुकान कसलं, उघड्या पोटाच्या यंत्रांतून वाट काढत जावं लागे. या वेळी काकू लॅपटॉप शिवणाच्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. लिनक्सचं विचारल्यावर दुरुस्तीवाल्याने मान वर न करता उत्तर दिलं, "काही चालतात, काही नाही. लावून बघा." इतकं सरळ उत्तर ऐकून काकूंना तिथेच बसावंसं वाटलं.

पहिले दोन मुके निघाले. तिसरा एक जाडजूड लेझर प्रिंटर होता, उन्हाने पिवळा पडलेला, झाकणाचा कोपरा तुटलेला. वायर जोडली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचं नाव आपोआप उमटलं. काकूंनी नमुना छापायला दिला. आत काहीतरी घरघरलं आणि कागद बाहेर आला, गरम. काकूंनी गळ्यातला टेप काढून चौकोनाला लावला. एक सूत कमी.

काकूंचा धीरच सुटला. म्हणजे जगातली सगळी यंत्रं त्या एका सुताची चोर, असं त्यांना वाटलं. दुरुस्तीवाल्याने कागद हातात घेतला. यंत्र आपल्या मनाने लहान छापत नाही, म्हणाला, त्याला कुणीतरी तसं सांगत असणार. काकूंनी भाचीला फोन लावला. भाची म्हणाली, छापायच्या आधी जी खिडकी उघडते ती नीट वाच. काकूंनी चष्मा लावून वाचली. एका ओळीत लिहिलं होतं की मजकूर पानात बसवा, आणि त्यापुढे खूण होती. म्हणजे कागदाच्या कडा सांभाळायला यंत्र सगळंच थोडं थोडं आवळत होतं. कोपऱ्यावरही हेच झालं असणार. काकूंनी ती खूण काढून मूळ आकारावर केली आणि पुन्हा छापलं. टेप उभा लावला, आडवा लावला. दोन इंच. चोख दोन इंच.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुरुस्तीवाला गडबडला, स्टूल पुढे केलं, पाणी आणलं, आणि हे एवढं कशासाठी म्हणून विचारलं. काकूंनी या वेळी खरं सांगितलं. जन्मून लगेच जातात त्या बाळांची झबली आहेत, म्हणाल्या. आवाज कापला, पण वाक्य पुरं झालं.  दुरुस्तीवाल्याने ते जड यंत्र स्वतः उचललं, गाडीपर्यंत आणलं आणि हलू नये म्हणून बाजूला जुनी वर्तमानपत्रं खोचली.

प्रिंटर कापायच्या टेबलाशेजारी, जुन्या शिलाई मशीनच्या पाटावर बसला. मास्तरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि वजन पेलेल ना, एवढं विचारलं. काकूंनी सगळ्यात लहान मापाचा नमुना छापला, चौकोन मोजला आणि कापड पसरलं. मास्तर सवयीप्रमाणे पायात चप्पल सरकवत होते, इतक्यात सिस्टरांचा फोन आला. बाईला कळा सुरू झाल्यात, उद्यापर्यंत होईल. आणि बाळ धरलं होतं त्याहून बरंच लहान आहे. तुमचं सगळ्यात लहान झबलंही मोठं पडेल.

कितीने मोठं, काकूंनी विचारलं. ते कसं सांगू, सिस्टर म्हणाल्या, सहावा महिना आत्ता कुठे लागलाय. इंचांत मला नाही सांगता यायचं.

फोन ठेवून काकू लॅपटॉपसमोर बसल्या. छापायच्या त्याच खिडकीत आकडा घालायची जागा होती. नव्वद टक्के घातले तर नव्वद छापून येईल, सत्तर घातले तर सत्तर. ज्या आवळण्याने घात केला होता तेच आता हाताशी होतं. पण आकडा कुठला घालायचा? काकूंनी ऐंशी घालून छापलं, मग पंचाहत्तर, मग सत्तर. तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यातला कुठला खरा, हे सांगायला त्यांनी एवढं लहान बाळ कधी पाहिलं होतं कुठे? समोर आणलं होतं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. काकूंनी दोन्ही हात टेबलावर टेकले. उद्या पुन्हा एका आईसमोर कात्री निघणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

"सत्तर काय, ऐंशी काय, असं सरसकट नाही चालायचं." मास्तर दारातूनच बोलले. मग चप्पल काढून आत आले. "अंग लहान असतं. डोकं तेवढं लहान नसतं. गळा सगळ्याबरोबर आवळलास तर डोक्यातून जाणार नाही."

काकूंनी वर पाहिलं. मास्तरांनी सत्तरचा कागद उचलला. आजवर त्यांनी छापील नमुना हातात धरलेला काकूंनी पाहिला नव्हता. त्यांनी तो उजेडाकडे धरला, खाली ठेवला, आणि कानामागचा निळा खडू काढून गळ्याची रेघ त्या छापलेल्या रेघेबाहेर ओढली. बगलेत थोडी ढील दिली. बाही तशीच ठेवली.

"लिहून घे," ते म्हणाले.

काकूंनी चिठ्ठी ओढली. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत, गिऱ्हाइकाच्या वेळी असतो त्याच आवाजात सांगत गेले. छाती पावणेसात. बाही पावणेतीन. मनगट सव्वा. डोकं पावणेआठ. काकूंचा हात सवयीने लिहीत गेला आणि शेवटच्या आकड्यावर थांबला. एवढी मापं कुणी अंदाजाने सांगत नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे कुणाचं माप आहे?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. बोटांची निळी भुकटी पुसली.

"टेप खिशात होता," ते म्हणाले. "स्मशानातले मला म्हणाले, बसा थोडा वेळ. हातात होती ती. मला दुसरं काही येतच नव्हतं गं. म्हटलं घरी जाऊन शिवू काहीतरी, मग देऊ. पण ते थांबले नाहीत. माप तेवढं घेऊन झालं."

 इतके दिवस हा माणूस त्या झबल्यांपासून पळतोय असं काकू समजत होत्या, आणि तो हे आकडे इतकी वर्षं एकट्याने सांभाळत होता. कुठल्या चिठ्ठीवर नाही, कुठे नाही. त्यांना त्याची कीव आली, रागही आला, आणि दोन्हींहून जास्त माया आली. मग त्यांनी विचारलं, "कशी होती?"

"बोटं लांब होती. तुझ्यासारखी."

काकू रडल्या, चांगल्या मोकळ्या रडल्या. मास्तर शेजारी उभे राहिले, पाठीवर हात ठेवून. मग काकूंनी पदराने तोंड पुसलं, कारण उद्याचं काम उद्यावर जाण्यासारखं नव्हतं. खडूच्या रेघेवरून त्यांनी कागद कापला. गळा मोजला, बाही मोजली, चिठ्ठीशी ताडून पाहिली. कापड सरळ करून नमुना वर ठेवला आणि कात्री उचलली.

मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"एकेरी नको," ते म्हणाले. "कापड दुमडून घे. दोन निघतील."

काकूंनी कात्री खाली ठेवली. दुसरं कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. दोघांनी कापडाची दोन-दोन टोकं धरली, मधोमध दुमडलं, आणि मास्तरांनी तळहाताने ते सारखं केलं.